रत्नाच्या ताटातलं मटण

रत्ना लोपीस मूळची वसईची, कॅथलिक, आता बावीस वर्षं अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला. नोकरीत ती दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि वाचतानाही तिची ती खोड जात नाही. आमच्या मराठी वाचनगटात पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून येणारी ती एकटीच. बाकीचे आम्ही गप्पा मारायला जमतो.

अमितला कंपनीने दोन वर्षं कोपनहेगनला पाठवलं होतं. तेव्हापासून तो आमच्या गळ्यात डॅनिश ऐतिहासिक कादंबऱ्या मारतो, इंग्रजी अनुवादातल्या. ही चौथी. चारही कादंबऱ्यांत बिशप लोभी, मठवासी ढेरपोट्या आणि पोपविरुद्ध पहिल्यांदा बोलेल तो शहाणा. रत्ना वैतागली होती. आदल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"सुवर्णा, चार पुस्तकं वाचली यार. मनापासून प्रार्थना करणारी एक साधी कॅथलिक बाई नाही त्यांत. मी नोट्स काढल्यात. मला दहा मिनिटं दे. या वेळी बोलू दिलं नाहीत तर मी ग्रुप सोडते."

मी शब्द दिला. मार्चमधल्या त्या शुक्रवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. रत्नाला बरं वाटावं म्हणून मी सुट्टी टाकून मटण केलं.

ती बर्फातून ड्राइव्ह करून आली. मी तिच्या ताटात आधी मटणच वाढलं. "खास तुझ्यासाठी. तुमच्यात सगळं चालतं ना."

"मला वरणभात पुरे गं."

मला रागच आला. दिवसभर खपायचं आणि वर हे नखरे. मी मुद्दाम आणखी दोन पीस वाढले.

अमितने नेहमीसारखा ताबा घेतला. ईस्टरआधीच्या उपवासात लपून भाजलेलं बदक हाणणाऱ्या मठवाशाचं प्रकरण त्याने हातवारे करून वाचलं. सगळे हसले. मीही हसले.

रत्नाने वही उघडली. "असेही असतील. पण उपवास खरंच पाळणारं कोणीच..."

"अगं, फिक्शन आहे. एवढं पर्सनली नको घेऊस," अमित म्हणाला आणि पान उलटून पुढे वाचू लागला.

तिने माझ्याकडे पाहिलं. दिलेला शब्द मला चांगला आठवत होता. पण भर पंगतीत अमितला थांबवायचं माझ्या जिवावर आलं. मी विचारलं, "श्रीखंड कोणाला हवंय?"

रत्ना वही मिटून उठली आणि ताट घेऊन किचनमध्ये गेली. मी मागोमाग गेले. मटण तसंच होतं, वर चरबीचा थर धरलेला.

"एक पीसही नाही खाल्लास?" मी फणकारले.

"आज शुक्रवार आहे, सुवर्णा. तोच उपवासकाळ चालू आहे, पुस्तकातला. आम्ही शुक्रवारी मांस खात नाही. वसईला माझी आई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही पाळते."

मी शरमेने लाल झाले. तरी तोंडातून निघालंच, "मग आधी सांगायचंस ना."

"ते सांगायलाच तर दहा मिनिटं मागितली होती," ती म्हणाली आणि कोट घालून निघून गेली.