हँडलवर बसवलेले मीटर

आमच्या ह्यांचे कान गेले ते कोलशेतच्या कारखान्यात. मेंटेनन्सला होते. मशीन कुरकुरायला लागलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, यात त्यांचं नाव होतं. कानात घालायला बोळे मिळायचे, ते खिशात राहायचे. "बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं?" असं वर मलाच विचारायचे. जन्मभर मशीनचं ऐकलं, माझं कधी ऐकलं नाही, आणि निवृत्त होऊन डोंबिवलीच्या घरी बसले तेव्हा दोघांचंही ऐकू येईनासं झालं होतं.

मोटरसायकल मात्र सुटली नाही. मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेली जुनी गाडी. तिचे गिअर ते कानाने बदलायचे. इंजिनाचा आवाज चढला की पुढचा गिअर. आता आवाजच पोचत नव्हता, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसवत जायचे आणि वर म्हणायचे, गाडी काय मक्खन चाललीय. कानातलं यंत्र आहे, मुलीने घेऊन दिलेलं. पण त्याच्यावर हेल्मेट चढवलं की ते शिट्ट्या मारतं. ते कपाटात पडून असतं.

मग मी मागे बसून त्यांचे कान झाले. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडून गाडी येतेय, डाव्यावर म्हणजे डावीकडून. पाठीत बोट म्हणजे गिअर बदला. दोन्ही खांदे दाबले की मागून काहीतरी मोठं आलंय, बाजूला घ्या. हे कोणी ठरवलं नाही, आपोआप होत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एवढं निमूटपणे पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांना आवडत नव्हतं. एका संध्याकाळी दळण घेऊन येताना मी त्यांना खाली पार्किंगमध्ये पाहिलं. गाडी चालू होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली होती. या कानाला, मग त्या कानाला. मग कानाने नाही तर दातांतून तरी थरथर कळेल म्हणून ती मूठ त्यांनी दातांत धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उकिडवे बसले होते. शेवटी मूठ शर्टाला पुसून गाडी बंद केली. मी खांबाआड उभी राहून सगळं बघितलं आणि त्यांच्या आधी वर निघून गेले. मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, मग दळणाचा डबा आपटला.

पुढे शिळफाट्याजवळ एकदा इंजिन तापून जाम झालं. ते दुरुस्त झालं तसं त्यांनी दोन मीटर मागवले. एक इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा, एक किती तापलंय ते दाखवणारा. पत्रा कापून, घासून, त्याला भोकं पाडून हँडलवर बैठक केली. एका मीटरची वायर प्लगच्या केबलीला वेटोळे घालून गुंडाळली, दुसऱ्याची कडी प्लगखाली बसवली. चार दिवस जेवायला हाका मारून मी दमले, अर्थात हाकांचा उपयोग नव्हताच.

"अगं, ये, ये, बघ!" शेवटी तेच ओरडत वर आले. खाली नेऊन मला सीटवर बसवलं, गाडी सुरू केली, मूठ पिळली. काटा टुणकन वर गेला. "हा इथे आला की गिअर बदलायचा. झालं! आता तू मागे नसलीस तरी चालेल."

आनंदाने म्हणाले, मला माहीत आहे. तरी लागलं. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "अहो, इंजिनाचं कळेल, रस्त्याचं काय?" त्यांनी बोटाने आरसे दाखवले. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, राहू दे गं, तेवढाच विरंगुळा आहे बाबांना."

आणि गाडी खरंच छान चालवायला लागले. एकटे खडवलीपर्यंत जाऊन आले, नदीकाठची वांगी घेऊन. चेहरा असा की शिखर सर केलंय. हळूहळू माझीही धास्ती कमी झाली.

मुलगी घोडबंदर रोडला राहते. नातवाला ताप होता म्हणून मी आठवडाभर तिच्याकडे होते. रविवारी हे मला न्यायला येणार होते, मानकोलीच्या पुलावरून. जेवणं खोळंबली होती. त्यांच्या फोनवरून फोन आला, पण आवाज परक्या मुलाचा.

"काकू, तुमचे मिस्टर इथे घोडबंदर रोडलाच, मानपाड्याला आहेत. म्हणजे, लागलं नाहीये जास्त. तुम्ही या ना जरा."

मी रिक्षाने पोचले. मेट्रोच्या कामाचे पत्रे लावून रस्त्याची एकच लेन उरली होती. हे पत्र्याला टेकून बसले होते, शर्टाची वरची बटणं तुटलेली, एक गाल लाल. गाडी बाजूला उभी होती.

तो मुलगा पुढे आला. "सॉरी काकू. मागे अँब्युलन्स होती ओ. आम्ही सगळे हॉर्न मारून मारून थकलो, काका सरकेनातच. मधोमध, एकदम स्लो. वाटलं मुद्दाम करतायत. मग लोकांनी खेचलं त्यांना. मला नंतर कळलं ऐकू येत नाही ते."

"किती वेळ होती मागे?"

"सिग्नलपासून."

ह्यांनी मला पाहिलं आणि धडपडत उठले. "बघ ना, का मारलं मला? मी काही केलं नाही. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापत होतं, काटा लालपर्यंत आलेला, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवून सावकाश चाललो होतो. कोणाला धक्कासुद्धा लागला नाही."

त्यांना काहीच कळलं नव्हतं. अँब्युलन्स कधीच निघून गेली होती. सांगायचं तर मलाच सांगायचं होतं, तेही भर रस्त्यात, ओरडून. काहीतरी थाप मारावी असं फार वाटलं. पण उद्या ते पुन्हा गाडी काढतील. मी त्यांच्या कानाला तोंड लावलं. "अँब्युलन्स! तुमच्या मागे अँब्युलन्स अडकली होती!"

त्यांनी वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "आत कोण होतं?" मी मान हलवली. ते कोणालाच माहीत नव्हतं.

"किती वेळ वाजत होता भोंगा?"

"आत्ताच," मी म्हटलं. "थोडाच वेळ."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग त्या मुलाकडे वळले आणि त्याला तेच विचारलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी नजर दुसरीकडे नेली.

"सिग्नलपासून, काका," तो म्हणाला, नेहमीच्याच आवाजात.

एरवी त्यांना प्रत्येक वाक्य पुन्हा सांगावं लागतं. हे सांगावं लागलं नाही.