मावशीच्या गॅलरीतला झेंडा

इस्त्रीवाली मावशी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाली दुकान, वर दोन खोल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तोंड मात्र तिखट. कॉलर मळकी दिसली की गिऱ्हाइकाला सुनवायची, "आधी मान घासा, मग इस्त्रीला या."

दक्षिणेकडच्या प्रांतानं वेगळं व्हायचा ठराव केला आणि या शहराचं डोकंच फिरलं. ज्यांच्या सभेला काल-परवापर्यंत कुत्रं फिरकत नव्हतं, त्या 'अखंड देश'वाल्यांच्या मागं सगळी गल्ली निघाली. गॅलरीगॅलरीत झेंडे लागले. मावशीची तेवढी रिकामी. तिचं माहेर त्याच प्रांतातलं, थोरली बहीण अजून तिथंच. आता देशाचा झेंडा का वाईट असतो? मावशीलाही तो आपलाच वाटायचा. पण तिकडं गोळीबार झाला त्या दिवशी इथं गल्लीत टाळ्या पिटल्या, ते काही तिच्या मनातून जाईना. समोरच्या गॅलरीतल्या मास्तरांनी कपडे देणं बंद केलं, मग इतरांनीही. मावशी म्हणाली, "हिंडू देत चुरगळलेले."

तेवढ्यात ताईचा फोन आला. एक डोळा कधीच गेला होता, दुसराही चालला होता. तिकडची इस्पितळं बंद, ऑपरेशन इथंच व्हायचं, म्हणजे महिनाभर मुक्काम. ताईनं तोंड उघडलं की ती तिकडची, हे शेंबडं पोरही ओळखणार. नुसत्या बोलण्यावरून एका दूधवाल्याला बदडलं होतं इथं.

मग मावशीनं हट्ट सोडला. झेंडा आणला. रंगाला चकाकी चढू नये म्हणून उलट्या बाजूनं, ओलं फडकं ठेवून इस्त्री केली आणि गॅलरीत बांधला. मास्तरांनी समोरून हात केला. खोटं कशाला बोला, तिला हायसं वाटलं.

दुपारी टॅक्सी थांबली. भाच्यानं ताईला हाताला धरून उतरवलं. तिनं मान वर केली. दिसत अंधुकच होतं, पण रंग कळले.

"हे तुझंच घर ना?"

"हो गं. तुझ्यासाठीच लावलाय, कुणी त्रास देऊ नये म्हणून."

"हाच दंडावर लावून आले होते ते गोळीबारवाले. शेजारणीचा मुलगा दारात मारला. काढ तो, मग येते वर."

मावशीनं वर बघितलं. गॅलऱ्या भरल्या होत्या, मास्तर कठड्यावर रेलून उभे होते. लावलाच नसता तर एक वेळ खपलं असतं. लावलेला काढला तर दोघींची धडगत नव्हती.

"आधी वर चल," ती कुजबुजली. "आत बोलू."

ताई भाच्याचा हात चाचपत परत टॅक्सीत बसली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी मास्तरांचे कपडे आले, मागोमाग गल्लीचे. मावशी मान खाली घालून इस्त्री फिरवायची. आता ती कुणाला काही सुनवत नसे.

काही महिन्यांनी भाच्याचा फोन आला. आईला आता दिवस की रात्र तेही कळत नाही, म्हणाला.

"तिला दे जरा."

"शेजारीच बसलीये, मावशी," तो म्हणाला. "नको म्हणते."