बारामतीत बसले, इंदापुरात पोहले

डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. पोलिओमुळे तो लहानपणीच निवृत्त झालाय, त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही. त्यांना काळजी उजव्या खांद्याची होती, कारण इतकी वर्षं कुबडीचा सगळा भार त्याच्यावर पडलाय. "पोहायला लागा, नाहीतर हा खांदा लवकरच हात टेकेल," ते म्हणाले. म्हणजे व्हीलचेअर, आणि माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी घाबरले, सरळ सांगते. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पोहायला शिकवणार कोण?

तेवढ्यात बारामतीच्या एका दिव्यांग क्रीडा मेळाव्याचं निमंत्रण आलं. त्यातला क्रीडा हा शब्द वाचला आणि बॅग भरली.

स्वारगेटहून विनाथांबा एसटी मिळते, अडीच-तीन तास लागतात. दिव्यांग सवलत आहे, ओळखपत्र हाताशी ठेवा. बसची पायरी गुडघ्याच्या वर असते आणि राखीव सीटवर एक धडधाकट गृहस्थ गाढ झोपलेले असतात. त्यांना उठवणं हा प्रवासातला पहिला व्यायाम.

मेळाव्यात उतरल्याउतरल्या फेटा, हार, नारळ आणि खुर्ची मिळाली. मग व्यायामाचं महत्त्व या विषयावर दोन तास भाषणं झाली. आम्ही ती बसून ऐकली. उठायला लागलं की कुणीतरी प्रेमाने खांदा दाबायचं, "बसा ताई, काय पायजे ते हितंच आणतो." पाहुण्याला काडी हलवू द्यायची नाही, हा या भागाचा पाहुणचार. तो पाहुणचार स्पर्धेतही उतरला. व्हीलचेअरच्या शर्यतीत प्रत्येक खुर्चीमागे दोन-दोन कार्यकर्ते जीव तोडून धावत होते. दम त्यांना लागला, पदकं खुर्चीतल्यांना मिळाली.

मग गोळाफेक. माझ्यापुढे शेवंताक्का होत्या, इंदापूर तालुक्यातल्या, पन्नाशीच्या. डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात कोपरापासून गेलेला. उजव्या हाताने त्यांनी गोळा उचलला तोच एक कार्यकर्ता धावला, "आक्का, तुमी नुसता हात लावा, फेकतो मी." आणि फेकलाही. टाळ्या झाल्या.

"आरं, फेकला तू, तर बक्षीस पण तूच घे की! मी हितं नारळ न्ह्यायला आले व्हय?" आक्का कडाडल्या.

सगळे कौतुकाने हसले आणि पहिलं बक्षीस आक्कांनाच दिलं.

जेवणाच्या पंगतीत मी त्यांना माझ्या खांद्याची हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, "पवता येतं?"

"नाही."

"मग चला संगं. आमच्या रानात हीर हाय."

बारामतीहून वालचंदनगरच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत एसटी, पुढे वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम असेल तर अर्धा तास जास्तीचा धरा. जीपवाल्याने माझ्यासाठी पुढची सीट रिकामी केली आणि मला विचारायच्या आत मुटकुळं करून आत ठेवलं. मी चिडले, पण आभारही मानले. अशा वेळी दुसरं काय सुचतं?

मुक्काम एका रात्रीचा ठरला होता, आठ दिवसांचा झाला. आक्कांच्या मालकांना, तात्यांना, हा बेत मुळीच पसंत नव्हता. "पावण्या हायेत त्या. बुडल्या तर गावात तोंड दाखवाय जागा न्हाय."

"मी हाय की. तुमी च्या ठेवा," आक्का म्हणाल्या. तात्यांनी ठेवला.

विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. काठावर पायाला आधार देणारं कॅलिपर काढलं, कुबडी ठेवली आणि सवयीने हात पुढे केला. आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"बसून उतरा. मला हाय एकच हात, तो मी पाण्यात वापरणार."

बूड टेकत टेकत उतरले. सतरा पायऱ्या मोजल्या, सलवारीचं पार वाटोळं झालं. आक्कांनी पाठीला रिकामा डबा बांधायला लावला, गाठ मात्र दातात धरून त्यांनीच आवळली. पाण्यात शिरले आणि डावा पाय वर आला, उजव्याच्या बरोबरीने. त्याला कुणी उचललं नव्हतं. मला रडू आलं. आक्का म्हणाल्या, "रडा, पन तोंड मिटून. पानी जाईल."

रोज सकाळी विहीर, वर आल्यावर प्यायला हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं. नाका-तोंडात पाणी भरपूर गेलं. आठव्या दिवशी डबा सोडून या काठावरून त्या काठाला गेले. खांदा दुखत होता, पण कामाने दुखत होता. (कुणी जाणार असाल तर जुने कपडे न्या, आणि अनोळखी विहिरीत एकट्याने उतरायचा शहाणपणा करू नका.)

पुण्यात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या जलतरण तलावावर गेले. व्यवस्थापक तत्परतेने उठले. "मॅडम, तुम्हाला काही झालं तर? त्यापेक्षा काठावर खुर्ची टाकतो, निवांत बसून बघा." खुर्ची आणायला ते आत गेले. मी फरशीवर बसले, कॅलिपर काढलं आणि पाण्यात शिरले. मागून आरडाओरडा झाला, कुणीतरी मला वाचवायला धाडकन उडी मारली. तो मी उतरले होते तिथे मला शोधत होता, आणि मी समोरच्या काठाला धरून धापा टाकत होते.