देवमाशाची उरलेली दोन हाडं

माझे काका फर्निचर बनवतात आणि बढाया मारतात; हात दोन्हींत बसलेला. "माझ्या कामात एक स्क्रू जरी उरला, तर मिशी उतरवीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिशी कसली, झुडूपच ते. वरचा ओठ कुणी पाहिलाच नव्हता. लग्नातही मिशी होतीच, त्यामुळे काकूचीही तीच गत.

मग संग्रहालयातल्या बाईंनी त्यांना देवमाशाचा सांगाडा जोडायला दिला. काकूनं हाडांसाठी कापडी पिशव्या शिवल्या. बाई तिला एकेक हाड समजावत भरत होत्या, तेव्हा काका कवटीवर हात फिरवण्यात गुंग. दुसऱ्या दिवशी बाई परगावी गेल्या.

काम झकास चाललं. जबडा एवढा, की आम्ही त्यात बसून डबा खाल्ला. वल्ह्यासारख्या पंखात तर चक्क आपल्यासारखी बोटं निघाली. काकांनी त्यांच्याशी हात मिळवला. सगळं जोडून झालं आणि शेवटच्या पिशवीतून दोन वाकडी हाडं घरंगळली.

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी ती कवटीला कानाशी लावून पाहिली, फासळ्यांत खुपसली, शेपटीलाही टेकवून पाहिली. कुठेच बसेनात.

"उद्या उद्घाटनाला बाई येतील, त्यांना विचारा ना," मी म्हटलं.

"शब्द म्हणजे शब्द."

असला राग आला मला. पैजा मारायच्याच कशाला? काकू मात्र गप्प. वस्तरा तिनंच आणून दिला, तोही धार लावून.

सकाळी बाईंनी हाडं पाहिली. "ही कंबरेची. देवमाशाच्या पूर्वजांना पाय होते ना, त्यातलं एवढंच उरलंय. ती कण्याला जोडलेली नसतातच, मांसात मोकळी असतात. नुसती तारेनं टांगायची. काकूंना सांगितलं होतं की मी."

"हो, सांगितलं होतं," काकू म्हणाली.

काकांनी मिशीची रिकामी जागा चाचपली. त्यात बाईंनी तेल ओतलं, "अहो, देवमाशाच्याही तोंडावर थोडे केस असतात. त्यांनी त्याला आजूबाजूचं कळतं म्हणे."

"ऐक," काका काकूला म्हणाले, "एवढं धूड, पण त्यानंही ठेवलेत." आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. वरचा ओठ एका बाजूनं वर गेला, पुढच्या दातांतली फट दिसली. अगदी शाळकरी पोर.

काकू बघतच राहिली. "एवढ्यासाठीच बोलले नाही," ती म्हणाली. "अख्खा संसार झाला, पण तुम्ही हसताना कसे दिसता ते मला माहीतच नव्हतं."

काका लाजले. त्यांनी ओठांवर हात धरला. काकूनं तो बाजूला केला.