एकेकानं ओलांडायचा नाला

पालझोर म्हातारा तोंडाचा भारी फटकळ. हिवाळ्यात केलांगला जायचं तर वाटेतला नाला तोच ओलांडून द्यायचा, आणि देताना चार शिव्याही हासडायचा. "ए वरात! सुटे व्हा. एक पलीकडे पोचला की मगच दुसऱ्यानं पाय टाकायचा. मध्ये थांबाल तर बर्फ गिळेल!" ऊन लागलं की बर्फ सुटतो, म्हणून वरच्या उतारावर ऊन यायच्या आत सगळ्यांनी पार व्हायचं, हाही त्याचाच नियम. लोक पाठीमागे त्याची नक्कल करत, पण नाल्यावर मुकाट ऐकत. त्याच्या शब्दाबाहेर गेला तो त्याचाच मुलगा, रिगझिन.

रिगझिनची बायको यांगझोम अडली होती. मूल आडवं आलेलं, सुईणीनं हात टेकले. बर्फ नुकताच थांबलेला, त्यामुळे केलांगच्या दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर मिळणं शक्य नव्हतं. उजाडता उजाडता आम्ही तिला डोलीतून नाल्याशी आणलं.

म्हाताऱ्यानं घरून याकचं कातडं आणलं होतं. "हिला यावर बांधा अन् लांब दोर लावा. एकानं दोर घेऊन पलीकडे जायचं आणि तिथून ओढायचं. चौघांनी एकदम जायचं नाही."

रिगझिन भडकला. "आबा, कातड्यावरून सरपण ओढतात, मेलेली मेंढी ओढतात. मी बायकोला तसं नेऊ? तिच्या माहेरचे पलीकडे उभे असतील!"

"असू देत उभे. तू उभा राहशील का ते बघ, गाढवा!"

आमच्याकडे जिवंत माणसाला ओढत नेत नाहीत, तेव्हा गाव मुलाच्या बाजूनं बोललं. बापलेकांची जुंपली. दोघंही हट्टाला पेटले, आणि तोवर वरच्या उतारावर ऊन आलं.

"आता आज कुणी जायचं नाही," म्हातारा म्हणाला.

"उद्यापर्यंत ती राहील का?" रिगझिननं तीन मित्रांना हाक मारली आणि डोली उचलली.

ते मध्यावर गेले आणि वरचा बर्फ सुटला. क्षणात कुणीच दिसेना. आम्ही धावलो, तर म्हातारा काठी आडवी धरून उभा. डाव्या अंगाचा बर्फ अजून वर लटकत होता. पोटचा पोर खाली गाडलेला, आणि बाप आम्हाला शिव्या देत अडवतोय! असलं बघणं वैऱ्यावरही येऊ नये. तोही बर्फ कोसळला, मगच आम्ही खणायला उतरलो.

डोली कडेला फेकली गेली होती, म्हणून यांगझोम हाती लागली. म्हाताऱ्यानं तिला कातड्यावर बांधून पलीकडे ओढलं; दोराच्या गाठी मारायला गावच पुढे झालं. केलांगच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं, मूल मात्र गेलं. चौघांपैकी एकच जिवंत सापडला. तो रिगझिन नव्हता.

बर्फ वितळल्यावर ती सासरी परत आली. म्हातारा चुलीपाशी बसून एकच गोष्ट उगाळायचा. "मीच त्याच्या कानफटात द्यायला हवी होती. हिला ओढूनच न्यायला हवं होतं."

एकदा माझ्यासमोरच तिनं सातूचं पीठ मळता मळता हात थांबवला.

"आबा, तेव्हा मी शुद्धीवर होते," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं, ओढत न्या, पण लवकर न्या. तुम्ही दोघं एकमेकांकडेच बघत होतात."