न कापलेला टॉवेल

वैजयंतीनं एकदा मनावर घेतलं की तिच्या वाटेला जाण्यात अर्थ नसतो, हे तिच्या नवऱ्याला, अजिंक्यला, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळून चुकलं होतं. तरी त्या दिवशी तो बोललाच.

"अगं, दादांची पंच्याहत्तरी म्हंजे काय, एक शाल घालू, नारळ देऊ, चार मानसं जेवून जातील. झालं की!"

"व्हय, शाल घालू," वैजयंती म्हणाली. "आन् शाल घेऊन मामा परत सैपाकघरात भितीकडं तोंड करून जेवनार. काय चाटायचीय ती शाल?"

खोटं काय बोलली होती ती?

मामा म्हणजे तिचे सासरे, धोंडीराम. मूळचे मोडनिंबचे. शेती बेताची, पण गावात मान मोठा, आणि तो सगळा मान आमटीच्या बादलीनं मिळवलेला. लग्न असो, बारसं असो, नाहीतर तेरावं, पंगतीत आमटी वाढायला धोंडीराम पाहिजेच. आमंत्रणाची वाट बघायची नाही की मानपानाचा रुसवा धरायचा नाही. डोक्याला टोपी, खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात बादली, आणि "आमटी, आमटी, आमटी" असा खणखणीत आवाज, की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यानं भातात खळगा करून तयार राहावं. पंगत जरा वाकडी बसली की हा माणूस बादली खाली ठेवायचा आणि अख्खी ओळ उठवून सुतात बसवायचा. स्वतः जेवायचा शेवटी, आचाऱ्यांच्या बरोबर, उरलंसुरलं. पहिल्या पंगतीला त्याला बसलेलं कुणी बघितलं नाही.

मग हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी हलायची, मग सदऱ्याची गुंडी लागेना. माणूस हट्टी, कुणाला कळू दिलं नाही. आणि शेजारच्या श्रीमंत नावाच्या गड्याच्या मुलीच्या लग्नात व्हायचं तेच झालं. बादली कलंडली आणि आमटी गेली थेट नवरदेवाच्या चुलत्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. श्रीमंतच्या जिभेला हाड नाही. ज्याला जन्मभर 'दादा, दादा' केलं, त्याला भरल्या मांडवात अरेतुरे केलं. "हात चालत न्हाईत तर बादली कशाला धरतो रं? घरी पडून ऱ्हावं की मानसानं!"

धोंडीरामनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्या चुलत्यांच्या हातात दिला आणि न जेवता घरी गेला. त्यानंतर महिन्याभरात सोलापुरात लेकाकडं राहायला आला, तो परत मोडनिंबला फिरकला नाही. कुणाच्या लग्नाला नाही, मुंजीला नाही. घरातसुद्धा सगळ्यांची जेवणं झाली की सैपाकघराचं दार लोटून, भिंतीकडं तोंड करून जेवायचं. घास सांडलेला सुनेला दिसू नये म्हणून. सुनेला दिसायचा तो सांडलेला घास रोज.

म्हणून तिनं ठरवलं होतं, मामांना चार माणसांच्या पंगतीत बसवून जेवायला घालायचं. नाही घातलं तर नावाची वैजयंती नाही.

आता नुसतं 'बसा' म्हणून ते बसणार होते होय? मग तिला सुचलं फोटोंचं. या माणसानं गावाला काय केलंय ते एकदा त्याच्या डोळ्यांपुढं मांडू. पण घरात शोधायला गेली तर मामांचा फोटो सापडला एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते शेळी चोरताना पकडल्यासारखे दिसत होते. स्वतःच्या लग्नात फोटोवाला नव्हता आणि नंतर फोटो काढायला हा गडी एका जागी उभा कधी राहिला? पण गावातल्या प्रत्येकाच्या लग्नाचा अल्बम असणारच की. आणि अल्बमात पंगत असणार, आणि पंगतीत मामा!

रविवारी सकाळच्या एसटीनं ती मोडनिंबला गेली आणि गाव पिंजून काढलं. लोकांनी पेट्यांच्या तळातून, जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले अल्बम काढले. घराघरात चहा. नको म्हटलं की "आमच्या धोंडीदादाची सून, आन् तशीच जाती व्हय?" प्रत्येक अल्बमात मामा सापडत गेले, मोबाईलवर एकेक फोटो काढत ती पुढं गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा चहानं पोटाचा ढोल झाला होता, पण बाई खुशीत होती.

नवी पेठेत जाऊन फोटो छापून आणले. बाजारातून पळसाच्या पत्रावळ्या आणल्या. पंगतीचा माणूस, तर फोटो पत्रावळीवरच पाहिजेत! प्रत्येक पत्रावळीच्या मधोमध एक फोटो चिकटवून तिनं ओळीनं भिंतीला लावल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. तेवढ्यात सासूबाई, बजाबाई, आत आल्या आणि जी किंकाळी फोडली, ती शेजारच्यांना ऐकू गेली.

"अगं ए! जित्या मानसाचं पान मांडलंस? आन् ते बी भितीवर?"

"काय झालं आत्या?"

"पितरांचं पान असतंय ते! फोटो आन् पान! आता हार तेवडा घाल, म्हंजे झालं!"

दरवर्षी पितृपक्षात आपल्या आईच्या फोटोपुढं वैजयंती स्वतःच्या हातानं पान मांडत होती, आणि डोक्यात उजेड पडला नाही! तिनं तिथल्या तिथं फोटो ओरबाडून काढले. निम्मे फाटले. पत्रावळ्या मोडून चुलीत घातल्या आणि बसली डोक्याला हात लावून. अजिंक्य दारातून म्हणाला, "मी शाल म्हनलो हुतो..." तिनं नुसतं वर बघितलं, आणि तो बाहेर गेला.

वैजयंती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. दुसऱ्या दिवशी कामावर गेली ती तोंड पाडूनच. समोर शरणम्मा कात्री घेऊन उभी. मागावरून टॉवेल सुटे येत नाहीत, एकाला एक जोडून लांबच लांब ताका येतो. दोन टॉवेलांच्या मधे सपाट विणीची पट्टी असते, तिथं शरणम्मा कात्री चालवते आणि मग वैजयंती कडा शिवते. रोज हेच बघत होती ती. पण त्या दिवशी शरणम्मानं ताका टेबलावर पसरला आणि वैजयंतीला एकाशेजारी एक मांडी घालून बसलेली माणसंच दिसली.

"शरणम्मा, थांब! कापू नगं!"

"याके?" शरणम्मानं घाबरून कानडीतच 'का' विचारलं. "काय झालं गं, बोट गेलं का?"

"बोट न्हाय गं. पंगत सापडली, पंगत!"

शरणम्माला वाटलं, हिला ऊन लागलं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. खांद्यावर टॉवेल टाकल्याशिवाय जो माणूस कधी मांडवात गेला नाही, त्याच्यासाठी टॉवेल सोडून ही पळसाची पानं हुडकत फिरली होती. शिलाई खात्याच्या मास्तरच्या हातापाया पडून तिनं किनार बिघडलेल्या मालातला एक लांब तुकडा न कापता मागून घेतला. नवी पेठेत सदऱ्यावर फोटो छापणारा एक जण असतो, त्याच्याकडून सगळे फोटो पांढऱ्या कापडावर छापून घेतले. आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा चार घासांत उरकून, एकेका टॉवेलावर एकेक फोटो शिवायला घेतला. खाली लाल दोऱ्यानं नाव, कुणाच्या लग्नातली पंगत ते. अक्षरं जरा वाकडी आली तर उसवायची, परत घालायची. शरणम्मा म्हणायची, "कुनाला दिसतंय गं एवडं?" ही म्हणायची, "मामास्नी दिसतंय. वाकडं चालत न्हाय त्येंस्नी."

शिवत आणलं, घरी नेलं, आणि मामा देवळात गेल्याचं बघून बजाबाईंना दाखवलं. बजाबाई एका टोकाकडून बघत दुसऱ्या टोकाला गेल्या. या खेपेला ओरडल्या नाहीत. परत पहिल्या टोकाला आल्या आणि म्हणाल्या, "समदं गोड हाय गं. पर ह्येंचं तोंड कुटंय?"

वैजयंतीनं बघितलं. आणि बघतच राहिली. एकूण एक फोटोत मामा वाकलेले. टोपी दिसते, पाठ दिसते, बादली दिसते. तोंड एकातही नाही. ही तर टोपीची पंच्याहत्तरी व्हायला निघाली होती!

"आत्या, एक तरी असंल की कुटं?"

बजाबाई हळूच म्हणाल्या, "एक हाय. श्रीमंतच्या लग्नातला. त्याच्याच घरात."

इथं घोडं पेंड खायला लागलं. त्या घराची पायरी चढणार नाही, असं वैजयंतीनंच देवापुढं बोलून ठेवलं होतं. एक अख्खा दिवस तिनं तसाच घालवला. मग पदर खोचला आणि एसटीत बसली. शपथ आपली, तोंड मामांचं. आपल्या शपथेपायी त्यांचं तोंड गेलं तर त्या शपथेला काय जाळायचंय?

श्रीमंत ओट्यावरच बसला होता. तिला बघून उठला, बस म्हणाला. ती बसली नाही.

"तुमच्या लग्नाचा अल्बम पायजे. त्यात आमच्या मामांचा फोटो हाय. तेवडा घेते आन् जाते."

श्रीमंत आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा अल्बम उघडूनच आणला होता. फोटोत बाशिंग बांधलेला तरणा श्रीमंत आणि समोर मामा, एका हातात बादली, मान वर, तोंड उघडं, डोळे हसून मिटलेले. नवरदेव त्यांच्या तोंडात मूठभर बुंदी कोंबत होता.

"दिसभर वाढत हुता," श्रीमंत म्हणाला. "घास खाल्ला नव्हता. मी पाटावरनं उठून गेलो आन् चारली. फोटोवाला म्हनला, असं नवरदेव करत न्हाय कुनी." त्यानं फोटोतल्या मुठीवर बोट ठेवलं. "मीच चारली हुती बग, पोरी."

"आन् तुमीच..." वैजयंतीच्या तोंडापर्यंत आलं होतं. लई होतं तिच्या पोटात. पण त्या माणसाची हनुवटी हलायला लागली होती, आणि पडलेल्याला मारण्यात तिला गंमत नव्हती. फोटो घेऊन ती पायरी उतरली आणि मागं वळून म्हणाली, "येत्या रविवारी दुपारी सोलापुरात जेवान हाय. आहेर नगं. यायचं तर हात घेऊन या. वाढायला मानूस कमी पडतंय."

रविवारी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. मोडनिंबची माणसं आली, ज्यांच्या अल्बमांतून फोटो आले होते तीच. मामा सैपाकघरात जाऊन बसले. अजिंक्यनं विनवलं, बजाबाई रागावल्या. "मला भूक न्हाय," एवढंच. "तुमी जेवा."

वैजयंतीनं सैपाकघराचं मागचं दार सताड उघडलं, आणि दारासमोरच मांडवाच्या कडेनं, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर दोरी बांधून, कपड्याच्या चिमट्यांनी तो लांब टॉवेल टांगायला लागली. दोरीला हा एवढा झोळ पडला. मुद्दाम की चुकून, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आतून मामा बघत होते. जरा वेळ सोसलं. मग आवाज आला, "झोळ पडलाय."

"असू द्या की मामा."

"असू द्या काय? पंगतीची दोरी अशी बांदत्यात व्हय? वड जरा!"

"वडलीय की. मला न्हाय जमत."

मामा उठले. बाहेर आले. थरथरत्या हातांनी दोरी धरली आणि अशी ओढली, की टॉवेल सुतात आला. ओढताना हात हलत नव्हते. दोरी बांधून मागं सरकले आणि तेव्हा कुठं टॉवेलावर काय आहे ते त्यांनी बघितलं.

मामा पहिल्या फोटोपाशी वाकले. दुसऱ्यापाशी. नावं बोटानं वाचत, टोपीमागून टोपी बघत टोकापर्यंत गेले. टोकाला बुंदी खाणारा, खदाखदा हसणारा चाळिशीतला धोंडीराम. त्याच्यापुढं आणखी एक टॉवेल होता, कोरा, तोही न कापलेला. तो दोरीवरून खाली सोडला होता आणि त्याच्यासमोर पाट मांडला होता.

"हितं कोन?" मामांनी विचारलं.

"तुमी," वैजयंती म्हणाली. "जल्मभर मानसं बसवली की मामा. आता एकदा बसा. मी पाया पडते."

मामा उभेच. मग हळूहळू, गुडघ्यावर हात टेकत, ते पाटावर बसले. कोरा टॉवेल वैजयंतीनं मागून त्यांच्या खांद्यावरून मांडीवर सोडला. पंगत बसली. भात आला. आणि मांडवाच्या टोकाकडून आवाज आला, घोगरा, अर्धा आत गिळलेला. "आमटी... आमटी..."

श्रीमंत होता. हातात बादली. एकेकाला वाढत तो शेवटच्या पाटापाशी आला आणि थांबला. पळी हातात तशीच. "दादा" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मामांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. आणि मग थरथरत्या बोटांनी भातात खळगा केला.

"वाक की जरा," ते म्हणाले. "वरनं वतू नगं. शितोडं उडत्यात."

श्रीमंत वाकला. पार वाकला. आमटी वाढताना त्याचेच हात हलत होते.

मामांनी पहिला घास उचलला. तोंडापर्यंत जाता जाता निम्मा सांडला आणि आमटीचा पिवळा ओघळ मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलावर उतरला. मामांचा हात जागीच थांबला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, भिंत शोधत असावेत. मांडवात भिंत नव्हती.

"सांडू द्या, मामा," वैजयंती म्हणाली. "टावेलच हाय त्यो."

मामांनी दुसरा घास घेतला.