मामा आले तरी उठायचं नाही

ओश शहरातल्या आमच्या इस्पितळाच्या हृदयविभागात अनारकुल बावीस वर्षं नर्स आहे. मी तिच्याच हाताखाली शिकले. रुग्ण तिला टरकून असतात आणि बरे झाले की तिच्यासाठी जर्दाळू घेऊन येतात.

तोरोबेक हा ट्रकवाला पहाटे हृदयाचा झटका येऊन दाखल झाला. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून हृदयाच्या नसेत स्टेंट बसवला. नळी काढल्यावर अनारकुलने बजावलं, "सहा तास पाय सरळ. खुद्द खान आला तरी उठायचं नाही!"

खान नाही, तोरोबेकचे मामा आले. ब्याऐंशी वर्षांचे, अख्ख्या गावाचे अक्साकाल, म्हणजे मानाचे वडीलधारे. उंच पांढरी टोपी दारात दिसली मात्र, तोरोबेक दोन्ही हात पुढे करत ताडकन उठून बसला. वडीलधाऱ्यांसमोर लोळत पडणं म्हणजे आमच्यात सात पिढ्यांची नाचक्की. पण चादर लाल व्हायला लागली होती.

अनारकुलने त्याला आडवं करून जांघेवर दोन्ही हात दाबले. मी डॉक्टरांना बोलावलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करून चालणार नव्हतं. नव्या स्टेंटमध्येच गुठळी झाली असती. सगळी भिस्त तिच्या हातांवर.

"अक्साकाल, बाहेर व्हा!" ती ओरडली.

"एजे, अहो ताई, माझ्या मामांना हाकलता?" तोरोबेक पुन्हा मान उचलू लागला.

मामांनी शांतपणे बूट काढले आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवे झाले.

"हे बघ भाच्या, मी झोपलोय. माझ्याआधी उठून दाखव, उद्धट कुठला!"

"नाही, ताके," तोरोबेक मामांकडे बघत पुटपुटला आणि त्याची मान उशीला टेकली. चाळीस मिनिटांनी रक्त थांबलं. डॉक्टर सोनोग्राफी करून म्हणाले, "ठीक आहे. पण सहा तास आता नव्याने मोजा."

मामा तसेच पडून राहिले. चहासुद्धा पडल्यापडल्या प्यायले, निम्मा दाढीवर. चौथ्या तासाला त्यांनी अनारकुलला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, ते लघवीचं भांडं मलाही मिळेल का?"

अनारकुलने स्वतः भांडं आणून दिलं आणि पडदा ओढला. पडद्याच्या अलीकडे तोरोबेक हसत होता, मग रडायला लागला. पण उठला नाही.